अकरा पोरींची मोटर

मोटर माझीच होती, हे आधी सांगून टाकतो. गेली कित्येक वर्षं स्वतःची समजूत घालायला मी हेच वाक्य वापरत आलोय, तेव्हा ते एकदा कागदावर उतरलेलं बरं.

लढाईत लष्कराच्या गाड्या हाकून परत आलो तेव्हा साठलेला पगार घालून आणि बायकोच्या पाटल्या मोडून मी ती घेतली. धुळे–अमळनेर रस्त्यावर चार वर्षं उतारू वाहिले. लोक मला शेठ म्हणत. मग सरकारी गाड्या आल्या आणि आमच्यासारख्यांचे परवाने गेले. माझ्या सोबतीचे कोणी कापसाच्या जिनिंगमध्ये लागले, कोणी ट्रक घेतले. मी मोटर धुळ्यातल्या एका मुलींच्या शाळेला देऊन टाकली आणि मोटरीबरोबर मीही गेलो, ड्रायव्हर म्हणून. जुने सोबती चहाच्या दुकानात भेटले की विचारायचे, “काय शेठ, आज किती वेण्या भरल्या?” मी हसायचो. पण माझा स्वभाव मुळात तिखट, आणि असं हसणं घरी येईपर्यंत घशात अडकून राहायचं.

त्या काळी खेड्यातली माणसं पोरीला शहरातल्या शाळेत सहजासहजी पाठवत नसत. त्यांची अट असायची की मोटरीला पडदे हवेत आणि मोटरीत एक बाईमाणूस हवं. म्हणून शाळेने माझ्या बायकोलाही ठेवून घेतलं. ती दाराजवळच्या बाकाच्या टोकाला बसायची. तिला आकडे लिहिता येत नव्हते. कमरेच्या पिशवीत तिने अकरा चिंचोके ठेवले होते. एक पोर चढली की एक चिंचोका या कप्प्यातून त्या कप्प्यात. अकराही तिकडे गेले की ती मला म्हणायची, “चला.” संध्याकाळी पोरी उतरत तशी चिंचोक्यांची परतीची वाट सुरू व्हायची. चार वर्षांत एकही पोर चुकली नाही की एकही चिंचोका हरवला नाही.

अमळनेरच्या रस्त्यावर तीन गावं होती, आणि शेवटच्या गावाला एक वळण. वळणाच्या अलीकडे मी भोंगा वाजवायचो, एकदा लांब आणि दोनदा आखूड. त्या आवाजावर पोरी घरातून निघत. या गावची एक मुलगी सगळ्यांत मोठी होती. चौथ्या वर्षी ती सातवीला होती. चैत्रात फायनलची परीक्षा, आणि ती पास झाली की प्राथमिक शाळेत मास्तरीण होता येत होतं. एवढंच तिचं स्वप्न. रोज मोटरीत लहान पोरींना पाढे म्हणायला लावायची आणि चुकलं की त्यांच्या बोटांवर पट्टी आपटायची. मला ती नाना म्हणायची.

तिच्या वडिलांशी झालेलं बोलणं मी विसरू शकत नाही. पहिल्या वर्षी शाळेच्या मोठ्या बाई आणि मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो होतो. तंबाखू मळत मळत ते म्हणाले, “जवलोंग मोटर येस, तवलोंग पोर शाळामा जाई. मोटर बंद, शाळा बंद.” बाई काही बोलणार तोच मी म्हणालो, “मोटर चुकणार नही, भाऊ.” मोठ्या तोऱ्यात म्हणालो होतो. माझ्या शब्दावर ती पोर शिकत होती.

चौथ्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मोटरीने त्रास द्यायला सुरुवात केली. पाणी तापायचं, चढणीवर धाप लागायची. मी रेडिएटरमध्ये हळद टाकून पाहिली. बारीक गळती असली तर हळद जाऊन बसते, हा आम्हा मोटरवाल्यांचा जुना उपाय. हळदीने भागलं नाही. इंजिन सुरू करून रेडिएटरचं झाकण काढलं तर आत बुडबुडे. मी स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून ऐकलं आणि मला कळलं की गॅस्केट गेलंय. गॅस्केट म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमध्ये बसवलेला पातळ पत्रा. मुंबईहून मागवायचा, बसवायचा. पंधरा दिवसांचं काम.

पण त्या दिवसांत माझ्या डोक्यात दुसरंच शिजत होतं. लढाईत वाळवंटात मी एका साहेबाची गाडी पाहिली होती. बाहेरून लॉरी, आत घर. पलंग, कपाट, हात धुवायचं भांडं, सगळं जागच्या जागी. साहेब संध्याकाळी पायरीवर बसून चहा प्यायचा आणि सकाळी घर घेऊन पुढे जायचा. तेव्हापासून ते चाकांवरचं घर माझ्या मनात ठाण मांडून होतं. त्यात यावल-रावेरकडून बोलावणी येऊ लागली होती. तिकडे केळीच्या मळ्यांत विहिरीविहिरीवर ऑइल इंजिनं बसत होती आणि ती दुरुस्त करणारा माणूस मिळत नव्हता. चाकांवरचं घर असतं तर बायकोला घेऊन मळ्यामळ्याने फिरलो असतो. कोणाचा ड्रायव्हर नाही, वेण्या मोजणं नाही. पुन्हा शेठ.

शाळेच्या कमिटीने मला बोलावलं. अध्यक्ष वकील होते, भला माणूस. ते म्हणाले, “मिस्तरी, तुम्ही सांगाल तसं. आम्हाला यातलं काय कळतं?” मी त्यांना अंगणात मोटरीपाशी नेलं. झाकण उघडलं. वकीलसाहेब चष्मा सावरून बुडबुडे बघत राहिले. मी म्हणालो, “ब्लॉक तडकलाय.” ब्लॉक म्हणजे इंजिनाचं मूळ ओतीव लोखंड. तो तडकला म्हणजे मोटर संपली, एवढं त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी विचारलं, “नक्की?” मी म्हणालो, “माझीच मोटर आहे साहेब, मला नाही कळणार?”

हे मी म्हणालो. दुसऱ्या कोणी माझ्याकडून म्हणवून घेतलं नाही.

शाळेकडे दुसरी मोटर घेण्याची ऐपत नव्हती. पुढच्या वर्षी बघू, असं ठरलं. भंगारात द्यायचीच तर मिस्तरींनाच द्या, त्यांनी एवढी सेवा केली, असं वकीलसाहेबच म्हणाले. त्या वाक्याने मला लाज वाटायला हवी होती. मला आनंद झाला. घरी येऊन बायकोलाही मी तेच सांगितलं, ब्लॉक तडकला. ती पिशवीतले चिंचोके हातात घेऊन म्हणाली, “पोरीस्नं काय व्हई?” मी म्हणालो, काहीतरी होईल. त्यांचे आईबाप आहेत ना.

संक्रांतीला ती माहेरी गेली तेव्हा मी गॅस्केट बसवून टाकलं. परत आल्यावर तिने मोटर सुरू झालेली पाहिली आणि डोळे विस्फारले. मी म्हणालो, खटपट केली, जमलं, देवाची कृपा. देवाचं नाव घेतल्यावर तिने पुढे विचारलं नाही.

आणि मग घर बांधायला घेतलं. खोटं सांगत नाही, त्या दोन महिन्यांइतकं मन लावून मी आयुष्यात दुसरं काम केलं नाही. दोन्ही बाजूंचे लांब बाक उखडले, फळ्या कापल्या आणि मागच्या बाजूला आडवा पलंग केला, खाली हत्यारांची पेटी. ड्रायव्हरच्या मागे स्वयंपाकाचं फडताळ, रॉकेलच्या स्टोव्हला लोखंडी पट्टीची चौकट. पाण्याचा हंडा वळणावर कलंडायचा, म्हणून जाड फळीला गोल भोक पाडून तो कमरेपर्यंत आत बसवला. खानदेशातल्या उन्हाची धास्ती होतीच, तर टपाच्या पत्र्यावर गोणपाट आणि वर केळीच्या खोडावरच्या वाळक्या सोपटांचा थर. बायकोला आधी जातं हवं होतं. जात्याने मोटरीचा एक्सल बसेल म्हणून आमचं दोन दिवस भांडण झालं. शेवटी पाट्या-वरवंट्यावर तोड निघाली. पहिल्याच ब्रेकला वरवंटा गडगडत येऊन माझ्या टाचेवर बसला आणि ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने वरवंट्यासाठी जुन्या लुगड्याची चुंबळ शिवली. देवांना समोरच्या काचेशेजारी कोनाडा केला. पोरींच्या मोटरीचे निळे पडदे तिने धुऊन पुन्हा लावले. फेकायला जीव होईना म्हणाली.

बाक कापताना फळीच्या खालून पाटीवरच्या पेन्सिलींचे तुकडे निघाले, बोरांच्या बिया निघाल्या, एक रिबीन निघाली. मी ते झाडून बाहेर टाकलं. शेवटच्या गावच्या पोरीचं काय चाललं असेल, हा विचार एकदा-दोनदा आला. तोही असाच झाडून टाकला.

फाल्गुनात आम्ही निघालो. अमळनेर, चोपडा करत यावलकडे जायचं होतं. नवीन रंग, नवीन कोयंडे, कोनाड्यात देवांना झेंडूची माळ. बायको पलंगावर बसून खिडकीतून बघत होती आणि मी तिला आरशात बघत होतो. एवढी सुखी मी तिला क्वचितच पाहिली होती. सकाळची वेळ होती. मी चढण चढलो, वळण आलं, आणि हाताने आपली सवय सोडली नाही. एकदा लांब, दोनदा आखूड. भोंगा वाजल्यावर मला कळलं की मी काय केलं.

“मोटर उनी! मोटर उनी!”

आधी लहान पोरी धावत आल्या, कोणाच्या हातात भाकरीचा तुकडा, कोणाची एकच वेणी घातलेली. मी थांबलो. न थांबता जाता आलं असतं, पण पोरी रस्त्यातच आल्या होत्या. मग ती मोठी आली. ती उशिरा आली, कारण दप्तर घ्यायला आत गेली होती. दप्तर, पट्टी, सगळं घेऊन आली. चार महिने तिने ते भरून ठेवलं असावं. दम लागलेला असताना पायरीवर चढली आणि आत बघत उभी राहिली. पलंग, स्टोव्ह, हंडा, पाटा-वरवंटा. तिने सगळीकडे नजर फिरवली आणि मग मला विचारलं,

“नाना, आम्ही बसानं कोठे?”

तिला राग आला नव्हता. खरोखरच तिला कळत नव्हतं की कुठे बसायचं. बायको पलंगावरून उठली आणि हाताने वळकटी बाजूला सारू लागली, पोरींना जागा करू लागली. तेवढ्यात खळ्यावरून मुलीचे वडील आले. मला बघून त्यांनी रामराम केला, मोटरीकडे बघून मान डोलावली. मग पोरीला म्हणाले, “उतर बाय खाले. तुन्ही सुपारी फुटेल शे आते.”

माघातच ठरलं होतं. मोटर बंद झाली, पोर घरी बसली, घरी बसलेल्या पोरीला स्थळ आलं. अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमाराला लग्न. मी म्हणालो, परीक्षेला महिनाच राहिलाय, तेवढ्यापुरती तरी. ते हात जोडून म्हणाले की शब्द दिला गेला, सासरकडच्यांना आता शाळा नको आहे. “तुम्ही तरी काय करशात, नाना? मोटरच मोडनी.” मला दोष द्यायचं त्यांच्या मनातही आलं नाही. उलट एवढी मोडलेली मोटर चालू केली म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. पोर खाली उतरली. दप्तर तिने छातीशी धरलं होतं, आणि ती वळून न बघता घरात गेली.

गाव मागे पडल्यावर बायको पुढे येऊन माझ्या शेजारी बसली. बराच वेळ इंजिनाचा आवाज ऐकत राहिली. चार वर्षं ती त्या आवाजाशेजारी बसली होती, तिला तो माझ्याइतकाच ओळखीचा होता. मग म्हणाली,

“ही तवयच नीट व्हई जाती ना?”

मी हो म्हणालो, दिवाळीतच झाली असती. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला त्याची सवय होती आणि उत्तरंही तयार होती. मोटर माझीच होती, हे तर जिभेवरच होतं. पण ती एवढंच म्हणाली, “मोटर फिरावा.”

मी फिरवली. त्या गावावरून परत जाताना भोंगा वाजवला नाही.

दोन महिने बांधलेलं घर चार दिवसांत मोडलं. जुने बाक मीच कापले होते, तेव्हा नवीन फळ्या आणून रंधा मारला. बायको हंडा, पाटा, वरवंटा एकेक करून घरात नेत होती आणि माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. कोनाडा मात्र तिने राहू दिला. मग मी मोटर शाळेत नेऊन उभी केली. तिथे तरी मी खरं सांगायला हवं होतं. मनाशी ठरवूनच गेलो होतो. पण वकीलसाहेबांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला, मोठ्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि माझ्या तोंडून निघालं, “खटपट केली साहेब, जमलं.” त्यांनी शाळेच्या मैदानात मला नारळ आणि उपरणं दिलं. पोरींनी टाळ्या वाजवल्या. मी उपरणं खांद्यावर घेऊन उभा राहिलो. त्या दिवसाइतका मी स्वतःला कधी नकोसा झालो नाही, आणि तरी उपरणं खाली ठेवलं नाही.

मोटर पुन्हा धावू लागली. शेवटच्या गावाहून लहान पोरी येऊ लागल्या. दहा पोरी चढल्या की बायको पिशवीत हात घालून एक क्षण थांबायची. अकरावा चिंचोका तिने काढून टाकला नाही. दहा तिकडे गेले, एक इकडे राहिला, की मग म्हणायची, “चला.”

पुढच्या वर्षी अखाजीला त्या मुलीच्या वडिलांनी आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. लेकी माहेरी आल्या होत्या. निंबाला झोके बांधले होते आणि गाणी चालली होती. ती आम्हाला बघून झोक्यावरून उतरून आली. अंगावर हिरवं लुगडं, वर्षभरात उंच झाल्यासारखी. बायकोला म्हणाली, अक्का, किती वाळल्या तुम्ही. मग पाया पडायला पदर दोन्ही हातांत धरला आणि तो धरलेलाच ठेवून मला म्हणाली,

“नाना, एक काम व्हतं. आमना विहिरना इंजिनना ब्लॉक तडकना. मिस्तरी म्हणस, तडकेल ब्लॉक कधी नीट व्हस नही, फेकी द्या. मी घरमा सांगं, मना माहेरना नानांनी येवढा मोटरना ब्लॉक नीट करा. ते हासतस मले. तुम्ही एकडाव येतस का?”

सासरी तिने माझा अभिमान मिरवला होता. लोक तिला हसले होते आणि तरी ती माझ्या बाजूने उभी राहिली होती. तो ब्लॉक वेगळा होता, हे इंजिन वेगळं आहे, असं काहीही सांगून मला सुटता आलं असतं. ती मानली असती. मी बायकोकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, पोरीकडे बघत होती.

मी म्हणालो, “बाय, तो ब्लॉक तडकेलच नव्हता.”

“मंग?”

“मले मोटर पाह्यजे व्हती. घर कराले.”

पदरावरची तिची बोटं एकेक करून हलली. हिशेब करत असावी, दिवाळी, संक्रांत, माघ. मग हळूच म्हणाली, “मनी परीक्षा चैतमा व्हती, नाना.” त्यात प्रश्न नव्हता, आणि मला माहीत नव्हतं असंही नव्हतं.

पदर अजून तिच्या हातांतच होता. मी, मूर्ख माणूस, तेव्हाही पाय जुळवून उभा होतो. ती वाकली. माझ्या बायकोच्या पाया पडली, तीनदा, रीतीप्रमाणे, पदराची टोकं पावलांना लावून. मग सरळ उभी राहिली आणि घरात गेली.

तिने घरात काही सांगितलं नाही. आजवर सांगितलेलं नाही. तिच्या वडिलांनी मला पहिल्या पंगतीत मानाच्या पाटावर बसवलं आणि चार माणसांत ओळख करून दिली, यांच्यामुळे आपल्या गावच्या पोरी शिकतात. वाढायला तीच आली. आमरसाचं पातेलं घेऊन प्रत्येक पाटापुढे थांबायची, अजून एक वाटी घ्या, माझी शपथ आहे, असा आग्रह करायची. माझ्या पानापुढे आली तेव्हा वाटी भरली आणि काही न बोलता पुढच्या पाटाकडे गेली. पानात टाकायचं नसतं, म्हणून मी सगळं खाल्लं.